लॅटिनमधला पांढरा रंग गेला कुठे?

पारिजातक

फ्रेंच आणि स्पॅनिश शिकवताना मला एक प्रश्न दर वर्गात विचारला जातो. त्याचे मी देत असलेले उत्तर मलाच पुरेसे वाटत नाही, म्हणून तो येथे मांडते. लॅटिनमध्ये पांढऱ्याला 'आल्बुस' म्हणत. हे विशेषण तिन्ही लिंगांत चाले: पुल्लिंगी आल्बुस, स्त्रीलिंगी आल्बा, नपुंसकलिंगी आल्बुम, अगदी आपल्या पांढरा, पांढरी, पांढरे यांसारखे. इतका रोजच्या वापरातला शब्द लॅटिनच्या लेकींनी सांभाळून ठेवला असेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात फ्रेंच 'ब्लाँ' म्हणते, स्पॅनिश 'ब्लांको', इटालियन 'ब्यांको' आणि पोर्तुगीज 'ब्रांकु'. हे चारही शब्द 'चकचकीत' अशा अर्थाच्या 'ब्लांक' या जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या कुळातल्या, शब्दापासून आले आहेत. गंमत अशी की काळ्यासाठी त्यांनी लॅटिनचाच 'निगेर' ठेवला. न्वार, नेग्रो, नेरो ही त्याचीच रूपे. काळा घरचा आणि पांढरा बाहेरचा, असे का व्हावे? आणि आल्बुस रंगाच्या गादीवरून उतरला असेल, तर त्याने पुढे कुठे आसरा घेतला?

खडूफळा

प्रश्नाचा पहिला भाग सोडवायचा तर आधी लॅटिनचे रंग नीट लावून घेतले पाहिजेत, कारण रोमन लोकांकडे पांढरे दोन होते आणि काळेही दोन. आल्बुस म्हणजे चमक नसलेला, चुन्यासारखा पांढरा. कान्दिदुस म्हणजे झळाळणारा पांढरा. त्याचप्रमाणे 'आतेर' हा मंद काळा आणि 'निगेर' हा तुकतुकीत काळा. इ. स. ४०० च्या सुमारास होऊन गेलेल्या सर्व्हियस या टीकाकाराने रोमन कवी व्हर्जिलवर भाष्य करताना हा भेद स्पष्ट सांगितला आहे. व्हर्जिल आपल्या शेतीवरील काव्यात आल्बुस रंगाचा घोडा हलका ठरवतो आणि महाकाव्यात मात्र शुभ्रतेत बर्फालाही मागे टाकणाऱ्या घोड्यांचे कौतुक करतो. हा विरोध मिटवण्यासाठी सर्व्हियस म्हणतो की कान्दिदुस तेजाने न्हालेला असतो, तर आल्बुस फिकटपणाच्या शेजारचा.

आता आपण दिलेल्या यादीकडे पाहा. काळ्यांच्या जोडीत तुकतुकीत निगेर टिकला आणि मंद आतेर बोलीतून मागे पडला. पांढऱ्यांच्या जोडीतही झळाळणाराच टिकायला हवा होता, पण कान्दिदुस तोवर निर्मळ, निष्कपट अशा गुणांकडे झुकला होता. स्पॅनिशमध्ये आज 'कांदिदो' म्हणजे भोळा. चमकदार पांढऱ्याची जागा अशी रिकामी झाली आणि तेथे 'चकचकीत' अर्थाचा ब्लांक येऊन बसला, असे माझे मत आहे.

आडनाव_नाही

म्हणजे रंगाच्या दुकानात 'मॅट देऊ की ग्लॉसी' हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीपासून विचारला जात आहे तर.

निरीक्षक

खडूफळा यांनी सांगितलेला भेद रोमन निवडणुकांतही दिसतो. पदासाठी उभा राहणारा माणूस खडूची पूड लावून झळाळता केलेला टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचे रोमन वस्त्र, नेसून मते मागत फिरे, म्हणून तो 'कान्दिदातुस'. आपण ज्याला कँडिडेट म्हणतो तो मुळात पांढरी वस्त्रे नेसलेला माणूस आहे. लिव्ही या इतिहासकाराने नोंदवले आहे की इ. स. पू. ४३२ मध्ये उमेदवारांनी कपडे असे पांढरे करू नयेत म्हणून कायदाही झाला होता. त्याचा परिणाम किती झाला हे शब्द टिकून राहिला यावरूनच कळते. प्रचारासाठी पांढरा पोशाख घालण्याची रीत आपल्याकडे कोणी नव्याने काढली असे समजणाऱ्यांनी हे अवश्य वाचावे.

आल्बुसच्या वाट्याला आला तो सरकारी फलक. रोमचा प्रमुख पुरोहित वर्षभरातल्या घडामोडी चुन्याने पांढऱ्या केलेल्या लाकडी फळीवर लावत असे आणि न्यायदान करणारा प्रेटर आपले नियमही तशाच फळीवर जाहीर करी. त्या फळीला 'आल्बुम' म्हणत. पुढे फळीवरच्या याद्यांनाही तेच नाव पडले आणि सिनेटच्या सदस्यांच्या यादीलाही आल्बुम म्हणू लागले. सोळाव्या शतकात जर्मन विद्यार्थी आपल्या गुरूंच्या आणि मित्रांच्या सह्या, चित्रे आणि वचने गोळा करण्यासाठी कोऱ्या वह्या बाळगत. त्या वह्यांचे नाव होते 'आल्बुम आमिकोरुम', म्हणजे मित्रांचा आल्बुम. तेथून फोटोंचा अल्बम, तिकिटांचा अल्बम आणि शेवटी गाण्यांचा अल्बम. आज कोणत्याही लग्नाच्या अल्बममध्ये पांढरे असे काही शोधून सापडणार नाही.

मांडवीकाठ

पोर्तुगीजमध्ये आल्बुस चांगलाच जिवंत आहे, फक्त त्याने व्यवसाय बदलला आहे. लॅटिन 'ल' नंतरचा 'ब' पोर्तुगीजमध्ये 'व' झाला, त्यामुळे आल्बाची 'आल्वा' झाली. आल्वा म्हणजे पहाट आणि चर्चमध्ये धर्मगुरू अंगभर घालतात तो पांढरा झगाही. पहाटेच्या प्रकाशाला 'आल्वोरादा' म्हणतात. ब्राझिलियात १९५८ मध्ये पुरा झालेला आणि ऑस्कर नीमायर यांनी रेखाटलेला राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद याच नावाचा आहे. 'आल्वु' याचा अर्थ मात्र आज प्रामुख्याने नेमबाजीचे लक्ष्य असा होतो, कारण लक्ष्याच्या मधोमध पांढरा ठिपका असे. विशेष म्हणजे स्पॅनिशमध्ये लक्ष्याला 'ब्लांको' म्हणतात. शब्द बदलला, ठिपका तोच राहिला.

गोव्याच्या इतिहासात हा शब्द बहुधा एका आडनावातूनही शिरला आहे. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या आफोन्सो द अल्बुकर्कचे आडनाव स्पेनमधील बादाखोस प्रांतातल्या एका गावावरून आले. त्या गावाच्या नावाची फोड अनेक जण 'आल्बा' आणि 'क्वेर्कुस', म्हणजे पांढरा ओक, अशी करतात.

निरीक्षक

मांडवीकाठ, ही फोड सर्वमान्य नाही. ते नाव अरबीतून आले असे मानणारेही अभ्यासक आहेत. 'आल्ब'ने सुरू होणारा प्रत्येक शब्द आल्बुसच्या घरचा मानू नये, कारण अरबीतले 'अल्' हे उपपद त्या प्रदेशातल्या शेकडो शब्दांना चिकटलेले आहे.

मांडवीकाठ

मान्य आहे, म्हणूनच मी 'बहुधा' म्हटले. आपल्या मुद्द्याला पुष्टी देणारे उदाहरण माझ्याकडेच आहे. पोर्तुगीज खलाशी मोठ्या समुद्रपक्ष्यांना 'आल्कात्राझ' म्हणत आणि तो शब्द अरबीतला. इंग्रज खलाशांनी तो उचलला, पण दक्षिणेकडच्या सागरात दिसणारा पक्षी पांढरा असल्यामुळे त्यांनी नकळत त्यात 'आल्ब' घुसवला आणि 'अल्बट्रॉस' तयार झाला. या शब्दाला आल्बुसचे दत्तक अपत्य म्हणता येईल.

पारिजातक

फ्रेंचमध्येही पहाटच आहे. 'ल' पुढे व्यंजन आले की जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा 'उ' होई, म्हणून आल्बाचे 'ओब' झाले. त्यात पहाट आणि धर्मगुरूंचा झगा हे दोन्ही अर्थ आहेत. 'ओबेपीन' नावाच्या पांढऱ्या फुलांच्या काटेरी झुडपात तर 'आल्बा स्पीना', म्हणजे पांढरा काटा, हा लॅटिन जोडशब्द लपला आहे. दक्षिण फ्रान्समधील मध्ययुगीन कवींनी 'आल्बा' नावाचा एक काव्यप्रकारच घडवला. रात्र एकत्र घालवलेल्या प्रेमिकांना पहारेकरी उजाडल्याची वर्दी देतो आणि ते विरहाचे दुःख गातात, असा त्याचा साचा. आपल्या भूपाळ्यांत पहाट देवाला उठवायला येते. तिकडे ती प्रेमिकांना उठवायला येत होती.

प्रयोगशाळा

वैद्यकातली भर घालतो. अंड्यातील पांढऱ्या बलकाला लॅटिनमध्ये 'आल्बुमेन' म्हणत. त्यावरून प्रथिनाला अल्ब्युमिन हे नाव मिळाले. ते यकृतात तयार होते आणि रक्तातील पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवण्याचे मोठे काम करते. लघवीच्या तपासणीच्या अहवालात 'अल्ब्युमिन: निरंक' असे वाचून सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्या प्रत्येकाचा आल्बुसशी संबंध आला आहे. अंगात रंगद्रव्य नसलेल्या माणसाला किंवा प्राण्याला 'अल्बिनो' म्हणतात, तो शब्द पोर्तुगीजांनी दिला.

खडूफळा यांच्या दोन पांढऱ्यांची भेट एका बुरशीच्या नावात झाली आहे. तोंडात पांढरा थर आणणाऱ्या बुरशीला 'कँडिडा अल्बिकान्स' म्हणतात. कँडिडा हे प्रजातीचे नाव १९२३ मध्ये डच संशोधक बर्कहाउट यांनी दिले. पहिल्या शब्दाचा अर्थ शुभ्र आणि दुसऱ्याचा पांढरी होत जाणारी. रोगाला इतके स्वच्छ नाव क्वचितच मिळाले असेल.

रानवाटा

वनस्पतींच्या आणि पक्ष्यांच्या शास्त्रीय नावांत आल्बुस अजून तिन्ही लिंगांत वावरतो. चंदन 'सँटॅलम आल्बम' आणि आपल्या ताकातल्या पातळ भाजीचा चाकवत 'चिनोपोडियम आल्बम'. दोन्ही नावे शास्त्रीय नामकरणाची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये दिली आणि दोन्ही नपुंसकलिंगी. हिवाळ्यात नदीकाठी शेपटी हलवत फिरणारा पांढरा धोबी मात्र 'मोटासिला आल्बा' म्हणून स्त्रीलिंगी, कारण विशेषण प्रजातीच्या नावाच्या लिंगाप्रमाणे बदलते. चाकवताच्या कोवळ्या पानांवर पिठासारखी भुकटी असते. तो मंद पांढरेपणा पाहिला की लिनियसने तेथे कान्दिदुस का वापरला नाही हे लगेच समजते.

एक शंका आहे. शिरीषाचे नाव 'अल्बिझिया'. त्याच्या शेंगा वाळल्यावर पांढरट पिवळ्या दिसतात. हेही त्याच घरचे का?

निरीक्षक

नाही. फ्लॉरेन्समधील अल्बिझी या सरदार घराण्यातल्या फिलिप्पो यांनी याच प्रजातीतले एक झाड अठराव्या शतकात युरोपात नेले, त्यांच्या नावावरून प्रजातीला हे नाव मिळाले.

ढवळपुरी

मी प्रथमच लिहीत आहे, चर्चा फार आवडली. लॅटिनपासून किंचित बाजूला जाऊन, पण विषयातच राहून, एक विचारतो. जे आल्बुसचे झाले तेच आपल्या 'श्वेत' आणि 'धवल' यांचे झाले नाही का? मराठीत श्वेत केवळ ग्रंथांत आणि 'श्वेतपत्रिके'त उरला. बोलताना आपण 'पांढरा' म्हणतो आणि तो आला 'पाण्डुर' वरून, ज्याचा मूळ अर्थ फिकट, पिवळसर पांढरा असा होता. म्हणजे आमच्याकडे उलट झाले. झळाळणारा गेला आणि फिकट राहिला. धवल रंग म्हणून गेला, पण गोठ्यात टिकला. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' या म्हणीतला ढवळ्या म्हणजे धवल बैल, आणि 'वाण' म्हणजे वर्ण.

मांडवीकाठ

उत्तम मुद्दा. कोंकणीत मात्र धवल गोठ्यापुरता राहिला नाही. आम्ही पांढऱ्याला 'धवो, धवी, धवें' असेच म्हणतो. गुजरातीतला 'धोळुं' त्याच मुळाचा. हिंदीने फारसीतला 'सफेद' घेतला, जो श्वेतचाच इराणी भाऊबंद आहे. शेजारशेजारच्या भाषांनी एकाच वारशातून वेगवेगळे पांढरे निवडले, आणि युरोपात नेमके हेच झाले.

निरीक्षक

ढवळ्याच्या उदाहरणावरून मला खडूफळा यांच्या उपपत्तीशी असलेला मतभेद मांडता येईल. पश्चिमेकडच्या रोमान्स, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या, भाषांत जर्मानिकांकडून एकटा पांढरा आला नाही. फ्रेंचमधले तपकिरी, करडा, निळा आणि सोनेरी केसांचा रंग, म्हणजे 'ब्रं', 'ग्री', 'ब्ल' आणि 'ब्लाँ'शी मिळतेजुळते 'ब्लोँ', हेही तिकडूनच आलेले मानले जातात. रिकामी जागा भरायला एक शब्द येतो, सबंध टोळी येत नाही. हे रंग बहुधा घोड्यांच्या वर्णनातून शिरले असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. रोमन सैन्यात आणि नंतरच्या राज्यांत जर्मानिक घोडेस्वारांचा दबदबा होता आणि जनावरांच्या रंगांना धन्याचे शब्द चिकटतात. धवल गोठ्यात जाऊन राहिला, ब्लांक पागेतून बाहेर आला.

खडूफळा

टोळीचा मुद्दा मी स्वीकारतो, पण त्याने माझे म्हणणे खोडले जात नाही. घोडेस्वार काळ्या घोड्यांवरही बसत होते. तरी निगेर हटला नाही आणि आल्बुस हटला, याचे कारण आल्बुसमधल्या फिकटपणातच शोधावे लागेल.

आडनाव_नाही

दोघांचाही घोडा जिंकला असे जाहीर करून पुढे जावे, ही नम्र सूचना.

तारांगण

खगोलशास्त्रातला एक वापर राहून गेला. एखादा पृष्ठभाग त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी किती परत फेकतो, या प्रमाणाला 'अल्बेडो' म्हणजे पांढरेपणा म्हणतात. योहान हाइनरिश लाम्बर्ट याने १७६० मध्ये प्रकाशमापनावरील ग्रंथात ही संकल्पना आणली. ताज्या बर्फाचा अल्बेडो ०.८ ते ०.९ असतो, संपूर्ण पृथ्वीचा सुमारे ०.३, आणि ज्याच्या शुभ्रतेवर जगभरच्या कवींनी शाई ओतली त्या चंद्राचा अवघा ०.१२ च्या आसपास. चंद्राचा पृष्ठभाग झिजलेल्या डांबरी रस्त्यासारखा गडद आहे. भोवतालचे आकाश काळे म्हणून तो आपल्याला उजळ भासतो.

खडूफळा

चंद्र आल्बुस नसेल, पण तो कान्दिदुस मात्र नक्की आहे, आणि हे अलंकारिक विधान नव्हे. कान्दिदुस हा 'कान्देरे', म्हणजे झळकणे, या क्रियापदापासून झाला आणि त्याचे मूळ व संस्कृत 'चन्द्र' याचे मूळ एकच आहे. त्या मूळ धातूच्या आरंभी एक 'स' होता. लॅटिनने तो गाळला, संस्कृतनेही एरवी गाळला, पण काही जुन्या सामासिक शब्दांत तो 'श' होऊन राहिला. 'हरिश्चन्द्र' मधला 'श्' तोच. हरि आणि चन्द्र यांचा समास 'हरिचन्द्र' व्हायला हवा. मध्येच 'श्' कुठून आला हे समजावण्यासाठी पाणिनीला स्वतंत्र सूत्र लिहावे लागले, कारण त्याच्या काळी नुसता 'श्चन्द्र' कोणी बोलत नव्हते. वेदांत 'सुश्चन्द्र' आणि 'पुरुश्चन्द्र' असे शब्द येतात, तेथे अर्थही चांदोबा असा नसून 'झळाळणारा' असा आहे.

रानवाटा

हरिश्चंद्रगडावर इतक्यांदा गेलो, पण त्या 'श' कडे कधी लक्ष गेले नव्हते. पुढच्या वेळी सोबत्यांना हे ऐकवल्याशिवाय नळीच्या वाटेने चढू देणार नाही.

पारिजातक

याच कान्देरेपासून लॅटिन 'कान्देला', म्हणजे मेणबत्ती. तो शब्द ग्रीकमध्ये 'कांदेला' म्हणून गेला, तेथून पूर्वेकडे सरकत अरबीत 'किन्दील' झाला आणि फारसीमार्गे मराठीत कंदील म्हणून पोहोचला. दिवाळीला आपण आकाशकंदील लावतो तेव्हा वरच्या आकाशातला चंद्र आणि खालचा कंदील हे दूरचे चुलत भाऊ असतात. एक घराण्यातच राहिला आणि दुसरा रोम, ग्रीस, अरबस्तान व इराण फिरून परत आला.

आडनाव_नाही

मग कँडी म्हणजे खडीसाखरही पांढरी आणि झळाळती म्हणूनच कँडी ना?

निरीक्षक

ती नेमकी उलट दिशेने गेली. संस्कृत 'खण्ड' म्हणजे साखरेचा खडा, त्यावरून फारसी व अरबीत 'कन्द' आणि 'कन्दी', आणि तेथून युरोपात कँडी. आपण खडीसाखर पाठवली, त्यांनी कंदील पाठवला.

ऱ्हाइनकाठ

उशिरा लिहीत आहे, पण मूळ प्रश्नाची एक बाजू अजून कोणी मांडली नाही. आल्बुस रंग म्हणून सर्वत्र गेला, हे खरे नाही. रुमानियनमध्ये आजही पांढरा म्हणजे 'आल्ब'. हिमगौरीच्या गोष्टीचे रुमानियन नाव 'आल्बा का झपादा', म्हणजे बर्फासारखी पांढरी. ट्रान्सिल्व्हेनियातील आल्बा यूलिया या शहराच्या नावात तोच शब्द आहे आणि त्याच शहराच्या 'द्यूलाफेहेर्वार' या हंगेरियन नावातला 'फेहेर' म्हणजेही पांढरा.

निरीक्षक यांच्या बाजूने हा पुरावा म्हणता येईल. सम्राट ऑरेलियनने इ. स. २७१ ते २७५ च्या दरम्यान डेशिया, म्हणजे आजच्या रुमानियाच्या भागातल्या, प्रांतातून सैन्य काढून घेतले आणि पुढे तेथील बोलीवर ठसा उमटला तो मुख्यतः स्लाव्ह भाषांचा. गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, फ्रँक या जर्मानिक लोकांचे वर्चस्व असताना जी शब्दांची फॅशन निघाली ती कार्पेथियन डोंगरांपर्यंत पोहोचली नाही. परंतु मी राहतो त्या स्वित्झर्लंडमध्ये या उपपत्तीला खीळ बसते. ग्राउब्युंडेन परगण्यात रोमान्श ही लॅटिनचीच एक लेक बोलणारे लोक शतकानुशतके जर्मन भाषकांच्या शेजारी राहत आले आहेत, आणि तरीही ते पांढऱ्याला 'आल्व' म्हणतात. जर्मानिक शेजार हेच कारण असते, तर पहिला बळी यांचा जायला हवा होता.

निरीक्षक

ही हरकत रास्त आहे. शेजार आणि प्रतिष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या तरच माझे म्हणणे टिकेल. ब्लांक हा जर्मनांच्या तोंडून थेट पसरला नसून गॉलमधील दरबारांतून फ्रेंचचा शब्द म्हणून दक्षिणेकडे पसरला असावा, आणि आल्प्सच्या खोऱ्यांत दरबारी फ्रेंच चढली नाही.

पारिजातक

हे उत्तर मी पुढच्या वर्गात रोमान्शच्या हरकतीसकट सांगेन. ऱ्हाइनकाठ, रुमानियनबद्दल आणखी एक शंका आहे. तेथे निळ्या रंगाला 'आल्बास्त्रु' म्हणतात असे वाचले. तो अलाबास्टर या पांढऱ्या दगडावरून आला का?

ऱ्हाइनकाठ

त्या दगडाचे नाव ग्रीक आहे, त्याचा येथे संबंध नाही. आल्बास्त्रु हा बोली लॅटिनमधल्या 'आल्बास्तेर', म्हणजे पांढरट, या रूपापासून आला. पांढरट, मग करडा-निळसर आणि शेवटी स्वच्छ निळा, अशी त्याची वाटचाल दिसते. पांढऱ्याने दुसरा रंग धरल्याचे उदाहरण इंग्रजीतही आहे. लॅटिन 'आल्बुर्नुस', म्हणजे पांढरट, हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत 'ऑबर्न' झाला. तेथे तपकिरी अर्थाच्या 'ब्राउन'ची सावली त्यावर पडली आणि आज ऑबर्न केस म्हणजे तांबूस तपकिरी केस. रुमानियन मधमाशीला 'आल्बिना' म्हणतात; ती मात्र आल्बुसची कोणी नव्हे, पोळ्याला लॅटिनमध्ये 'आल्वुस' म्हणत, तिचे नाव त्यावरून पडले.